लोटन बॅटरीवाल्याचा आवळा

तळोद्यात कुणालाही विचारा, लोटन बॅटरीवाला कुठे राहतो. आमचंच दार दाखवतील. ट्रॅक्टरची असो की डोंगरात जाणाऱ्या जीपची, मेलेली बॅटरी जिवंत करावी ती आमच्या ह्यांनीच. हाताला गुण आहे, मी नाही म्हणत नाही. पण डोकं? लग्न झाल्यापासून बघतेय, अंगणातच कढईत जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवतात. त्या धुरावरून ओरडून ओरडून माझा घसा बसला.

एकदाच कुणाचं ऐकलं, तेही सोयीपुरतं. पुतणी रोहिणी कॉलेजात शिकते. तिने कांद्याची मुळं शिशाच्या पाण्यात ठेवली, तर पेशींतली गुणसूत्रं तुटलेली दिसली. आवळ्याचा रस घातला तेव्हा कमी तुटली. बिचारी कौतुकाने सांगायला आली. गुणसूत्रं म्हणजे आईबापाकडून लेकरात उतरतात ती, एवढं मलाही कळलं. ह्यांना काय कळलं? आवळा प्यायचा आणि खुशाल शिसं वितळवायचं! दुसऱ्या दिवशी गोणीभर आवळे घरात.

“काका, कमी तुटली म्हटलं मी, तुटलीच नाहीत असं नाही!” रोहिणी रडकुंडीला आली.

“रोज पी ऱ्हायनू ना मी? मंग!”

आता आमची रुचिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, शिशाच्या धुराजवळ राहू नकोस, पोटातल्या बाळाला बाधतं. म्हटलं, निदान आता तरी भट्टी गावाबाहेर हलवा. तर हे पोरीपुढे रसाचा पेला धरतात आणि बाहेर जाऊन कढई चढवतात! रस लेकीला, धूर नातवाला. काय करू या माणसाचं?

शेवटी मी तिची पिशवी भरली. पहिलटकरणीला सासरी परत नेऊन सोडणारी आई आमच्या गल्लीने कधी पाहिली नव्हती. शेजारच्या कौसाबाईने तोंडाला पदर लावला. लावू दे.

आम्ही तिच्या सासरच्या, धानोऱ्याच्या गाडीत बसलो, तर हे स्टँडवर धावत आले.

“लोके काय म्हणतीन?”

“आप्पा, भट्टी बंद करा,” रुचिका खिडकीतून म्हणाली. “मी आत्तेच उतरस.”

मला वाटलं, आता म्हणतील. जीव नुसता कानात आला होता माझा.

“अहो, हो म्हणा ना!”

कंडक्टरने घंटी मारली. तेव्हा कुठे हे खिडकीजवळ सरकले आणि लेकीला विचारलं, “तठे आवळा भेटस ना?”