दुसरी फ्लॉपी

"मावशी, तुम्ही बाहेर थांबा. चपला नीट लावा जरा."

सरांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी मावशी म्हटलं नव्हतं. ताई म्हणायचे.

कॉलेज मुलींचं. तिथं तपासणी समिती आली होती. कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस मशीनं चालू होती. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "या मशीनांना सीडी ड्राइव्हच दिसत नाहीत. मग सिस्टिम टाकली कशी?" सर बोलायला लागले आणि मधेच अडखळले. मला उत्तर येत होतं. मी कोपऱ्यात फडकं धरून उभी होते, एक पाऊल पुढं आले. तेवढ्यात सर ते वाक्य बोलले.

मी बाहेर गेले. आणि चपला लावल्या. जोडीला जोड. त्यांनी सांगितलं याच्यापेक्षा मी लावल्या, हे जास्त जाळतं. अजून.

आमचं गाव सोनईच्या बाजूला. आम्ही मांग. वडील दोर वळायचे, घोडेगावच्या बाजारात दावी-कासरे मांडून बसायचे. मी बारावी सायन्स केलं, मग रोज एसटीनं राहुरीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. बॅचमध्ये पहिली आले. कॉलेजात नोकरी लागली ती लॅब परिचराची, तीही हंगामी. झाडायचं, पुसायचं, मशीनांवर कव्हरं घालायची.

सर आमचे कॉम्प्युटरचे प्राध्यापक, पुण्याकडचे. जयंतीला आमच्या वस्तीत येऊन समतेवर भाषण करायचे. एकदा आमच्या घरी बसून भाकरी खाल्ली. आई महिनाभर सांगत फिरली, "लई मोठ्या मनाचा मानूस हाय." मलाही तसंच वाटायचं. खोटं कशाला बोलू, मी त्यांना भाऊ मानलं होतं.

तपासणीच्या आधी एका कंपनीनं वापरलेली वीस मशीनं कॉलेजला दिली होती. सगळी रिकामी. सीडी ड्राइव्ह फक्त एकाला. नवी सिस्टिम त्यांना झेपणारी नव्हती, म्हणून जुनीच, विंडोज नाइन्टी-एट, टाकायचं ठरलं. सरांनी दोन दिवस खटपट केली, मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले की हे काही होत नाही, समितीपुढं शोभा होणार.

मी म्हटलं, मी बघू का?

रीत अशी. सगळ्या फाइली त्या सीडीवाल्या मशीनवर उतरवून ठेवायच्या. बाकीच्या मशीनांत बूट फ्लॉपी घालायची. त्या फ्लॉपीत एवढंच असतं, की मशीन चालू व्हावं आणि वायरीतून त्या पहिल्या मशीनपर्यंत पोचावं. पोचलं की फाइली तिकडून यायला लागतात. ऐकायला सोपं. पण फ्लॉपीत नेटवर्क कार्डाचा नेमका ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारी फाइल, लागते. आणि प्रत्येक मशीनला वेगळं नाव द्यावं लागतं, नाहीतर दोन मशीनं एकमेकांना अडवतात.

सीडीवालं धरून बारा लागली. आठ काही केल्या लागेनात. तीन दिवस मी त्या आठांपुढं बसून होते. शेवटी एकाचं झाकण उघडलं, आतल्या कार्डावरची बारीक अक्षरं वाचली. कार्डच वेगळं होतं. राहुरीच्या क्लासातून तो ड्रायव्हर आणला, दुसरी फ्लॉपी बनवली, तिच्यावर निळ्या पेनानं 'आठ' असं लिहिलं. कुठली फ्लॉपी कुठल्या मशीनांना, ते सगळं वहीत टिपून ठेवलं. पडद्यावर पट्टी सरकायला लागली तेव्हा लॅबमध्ये मी एकटी होते. एकटीच हसले.

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "ताई, हे काम तुझं आहे. समितीला मी तुझंच नाव सांगणार. तुला कायम करायची शिफारस मी स्वतः लिहितो."

मी घरी सांगितलं. वडिलांनी बाजारात सांगितलं.

मग समिती आली आणि मी चपला लावल्या. पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डावर अहवाल लागला. प्राध्यापकांनी स्वतःच्या कष्टानं लॅब उभी केली म्हणे. सरांचं नाव. सरांचा फोटो. शिफारशीचं पत्र तर आलंच नव्हतं, ते ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं.

मी सरांना विचारलं. ते चिडले नाहीत. समजूत घालावी तसं बोलले. "झाडणाऱ्या बाईनं लॅब उभी केली असं सांगितलं असतं, तर कॉलेजची काय किंमत राहिली असती? समजून घे. तुमच्या लोकांसाठी मी एवढं बोलतोच ना सगळीकडं."

तुमच्या लोकांसाठी.

वर माझी वही आणि दोन्ही फ्लॉप्या मागून घेतल्या. कॉलेजच्या म्हणाले. मी दिल्या.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते दोर वळत होते. हात न थांबवता म्हणाले, "त्यानं भाकर खाल्ली. पर पानी न्हाई पिला त्यो आपलं. पिशवीतनं बाटली काढली हुती. म्या बघितलं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुजी नोकरी हुती."

त्या रात्री आई जेवली नाही.

दोन महिन्यांनी, ऐन परीक्षेच्या तोंडावर, व्हायरसनं वीसही मशीनं बसली. सरांनी माझ्या फ्लॉप्या काढल्या. सीडीवालं धरून पहिलीनं बारा उठवली. दुसरीवरचं 'आठ' म्हणजे आठव्या नंबरचं मशीन असं ते समजले. ते नेमकं पहिल्या बारातलं होतं, त्याचं कार्ड निराळं; तिथं ती चालली नाही. ती फ्लॉपी खराब म्हणून बाजूला ठेवून दिली. वही उघडून वाचावी असं त्यांना वाटलंच नाही.

मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. सर पुन्हा ताई म्हणाले. प्राचार्य म्हणाले की करून टाक, मुलींचं नुकसान होईल. त्या मुलींत आमच्या वस्तीतल्या तिघी होत्या. हे त्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "करते. पण पहिल्यांदाही मीच केलं होतं, असं लिहून द्या. खाली दोघांच्या सह्या."

प्राचार्य हसले. शिपायाला असलं कोण लिहून देतं, असं म्हणाले. मी सरांकडं बघितलं. ते टेबलावरच्या काचेकडं बघत होते. त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून मी थांबले. 

मग म्हटलं, "मी परिचर आहे. लॅब झाडून झालीय."

आणि बाहेर आले. 

परीक्षा बारा मशीनांवर, पाळ्या लावून झाली. मुली ताटकळल्या. वस्तीतली एक वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिचा राग बरोबर होता. माझंही चुकलं नव्हतं. जूनमध्ये कॉलेजनं मला परत घेतलं नाही.

आता राहुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. ते वाचून मागं फिरणारी गिऱ्हाइकं मी बघितली आहेत. पाटी बदलली नाही.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. ते निवृत्त होतायत, सत्कार आहे. म्हणाले, "ताई, तू चार शब्द बोल. माझ्या हाताखाली घडलेली मुलगी म्हणून."

मी म्हटलं, "येते सर. जसं झालं तसं सांगते."

 मग सर म्हणाले, कार्यक्रम छोटाच आहे, वक्ते बरेच आहेत, तू उगाच दुकान बंद ठेवून येऊ नको.

म्हणजे बोलावणं मागं घेतलं. तेही गोड बोलून.

लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, सोडून दे. सोडायचं कुणी, हे ते विचारत नाहीत. मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

कार्यक्रम रविवारी अकराला आहे, कॉलेजच्या हॉलमध्ये. मी जाणार आहे. माईक दिला तर माईकवर बोलीन. नाही दिला तर जागेवर उभी राहून बोलीन.