केबिनच्या दाराला काच किती

बोर्ली पंचतनच्या पतपेढीत जाधवबाईंच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. कारकुनीत उमेदीची सगळी वर्षं गेली आणि बाईंची जीभ तिखट झाली, असं लोक म्हणत. ती खरी कशानं तिखट झाली हे विचारायची मात्र एकाचीही छाती नव्हती.

त्या दिवशी संचालकांच्या बैठकीत नव्या इमारतीच्या दारांची निवड चालली होती. दारं बनवणारा हिरामण चित्रं घेऊन आला होता. बाहेरच्या दाराला पूर्ण काच, यावर लगेच एकमत झालं. मग निघालं व्यवस्थापकाच्या केबिनचं दार. नव्या साहेबांनी सुचवलं, की सगळं लाकूड ठेवा आणि अगदी वर वीतभर काचेची पट्टी द्या. मोठ्या ठेवीदारांशी बोलताना आडोसा हवा. संचालकांनी माना डोलावल्या. माना डोलवायला त्यांचं काय जात होतं?

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर नवी कारकून साक्षी बसली होती, लेकीच्या वयाची. सह्या घ्यायला त्या दारातून रोज तिलाच आत जायचं होतं.

त्याच वयात बाई जुन्या साहेबाकडे सह्या घ्यायला जायच्या. जुनं लाकडी दार पावसात फुगायचं, खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. साहेब ते मुद्दाम घट्ट लोटायचा आणि बाईंचा हात धरायचा. आतली धडपड बाहेर ऐकू जायची. दार अडकलंय म्हणत बाहेरचे मेले खुशाल हसायचे.

“खालपर्यंत काच लावा,” बाई म्हणाल्या. “आतलं माणूस बाहेरून दिसलं पायजे.”

नव्या साहेबांना ते लागलं. आपल्यावर संशय का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा बाईंनी जुन्या साहेबाचं नाव घेऊन, भर बैठकीत, सगळं सांगून टाकलं.

अध्यक्ष कोंडाजीशेठ खाकरले. “बाई, हे तुमी तवाच सांगायचं व्हतं.”

“सांगितलं व्हतं, शेठ. तुमालाच सांगितलं व्हतं. तुमी म्हणालात, पावसाळा सरला का दार नीट हुईल.”

बाईंनी पूर्ण काचेच्या दाराचं चित्र उचललं आणि सहीसाठी शेठपुढे ठेवलं.