राजाची उडी

नव्वदीतली गोष्ट. आई गेली आणि बाबांनी बोलणंच सोडलं. वर्ध्याजवळ देवळी गावात आमचं किराणा दुकान. गिऱ्हाईक भाव विचारायचं, बाबा बोटं दाखवायचे. संध्याकाळी माझ्यासोबत बुद्धिबळाचा पट मांडला की मात्र तोंड उघडायचे. "शह." "चाल ना बाई, झोपली का?" तेवढंच. पण तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. म्हणून वर्ध्याच्या स्पर्धेत माझ्यासोबत त्यांचंही नाव मीच घातलं. चार माणसांत बसतील, बोलतील. कुठून बुद्धी झाली मेली!

बाबा देशी पद्धतीनं खेळत. स्पर्धेत प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, हे मी बसमध्ये पढवलं. आणि नशीब पाहा, दुसऱ्याच फेरीत समोर बाबा. पांढरी त्यांची, काळी माझी.

"मन लावून खेळजो. मले भीक नको," ते म्हणाले.

मग मीही कॉलेजात शिकलेला सिसिलियन बचाव काढला. नावालाच बचाव, त्यात काळा पहिल्या चालीपासून भांडण उकरतो. बाबांना असं कोंडीत सापडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ विचार करून त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. देशी खेळात राजाला अशी एक उडी असते. घरी त्यांना तिची गरजच पडायची नाही, म्हणून मला सांगायचं सुचलं नव्हतं.

पंच शेजारीच उभे होते. "काका, अशी चाल नसते. आणि हात लावला, तर आता राजाच हलवावा लागेल."

बाजूची पोरं फिदीफिदी हसली. एकेकाला थोबाडावंसं वाटलं. बाबांनी राजा एक घर पुढे, उघड्यावर ठेवला. थोड्याच चालींत मी मात केली.

परतीच्या एसटीत ते आपणहून बोलले. "थे उडी तुह्या मायनं शिकवली होती मले."

आईनं? तिला तर मी जन्मात पटाला हात लावताना पाहिलं नव्हतं!

"हाव. सारा खेळच तिनं शिकवला. माह्यापेक्षा भारी खेळे."

"मग सोडला काऊन?"

"मी हरलो का त्या दिशी जेवत नव्हतो."

घरी येऊन मी भीतभीत ताट वाढलं. बाबा मुकाट्यानं सगळं जेवले, वर आणखी एक भाकर मागून घेतली. हात धुऊन पट उचलला, आईच्या पेटीत ठेवला. त्यानंतर त्यांच्या तोंडून मी 'शह'सुद्धा ऐकला नाही.