पिठाऐवजी रांगोळी

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मभर देवापेक्षा लिंबावर जास्त भरवसा ठेवला. टोकावड्याला त्यांची रांगोळी दळायची चक्की होती. त्या नव्वदच्या दशकात मुरबाड-शहापूरकडे कुठेही विहिरीला सुरुंग लागला, की काळ्या कातळातून निघणारा पांढरा चमकता दगड बघायला मामा एसटीने हजर. खिशातलं लिंबू दगडावर पिळायचं. फसफसला तर कॅल्साइट, म्हणजे रांगोळीचा दगड; नाहीतर नुसती गारगोटी, म्हणून लाथेने बाजूला. "यात चुना हाय, आन् सोड्याच्या बाटलीतला वायू हाय. तिसरं काय नाय," हे ते भेटेल त्याला सांगत. खिळ्याने त्यावर ओरखडा कसा उठतो, कितीही फोडला तरी तुकडा तिरका चौकोनीच कसा पडतो, स्वच्छ तुकडा पेपरवर ठेवला तर एका ओळीच्या दोन कशा दिसतात, हे सगळं ऐकल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे. आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी ताटातली लिंबाची फोड रांगोळीवर पिळली, फेस पाहिला आणि मगच भाताला हात लावला. "जावयबापू, माल खरा हाय!" असं ते भर मांडवात ओरडले, तेव्हा माझ्या वडिलांना कुठे तोंड लपवावं ते कळेना.

पुढे काही वर्षांनी मामींना घशाचा कॅन्सर झाला. शेवटी पेजसुद्धा उतरत नव्हती. मामा वाटी घेऊन उशाशी बसत आणि भरलेलीच परत नेत. मामी गेल्या त्या संध्याकाळी बायकांनी, जिथे प्राण गेला तिथे, रीतीप्रमाणे तांदळाचं पीठ पसरलं. त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेला असं धरतात. मामांनी ते पीठ भरून घेतलं आणि चाळलेली रांगोळी पसरली.

"पिठाला किडामुंगी येतेच. दगड कोण खातो? यावर उमटला ठसा, तर तो तिचाच."

मामींच्या बहिणीने कपाळाला हात लावला. मलाही संताप आला. निदान त्या दिवशी तरी गप्प बसायचं.

सकाळी टोपली उचलली. रांगोळी पसरली होती तशीच, गुळगुळीत.

"मोक्ष मिळाला, दाजी," मामींची बहीण समजुतीने म्हणाली.

मामा खाली वाकून या कडेपासून त्या कडेपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहिले. "कायच नाय?" ते मला विचारत होते. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच ती जागा पुसली आणि सुनेकडे पीठ मागितलं. दुसऱ्या सकाळी टोपलीखाली मुंग्याच मुंग्या. त्या कशाला आल्या, हे मामांइतकं त्या घरात कोणाला ठाऊक होतं? सून केरसुणी घेऊन पुढे झाली, तसा त्यांनी हात आडवा धरला.

"थांब गो," ते म्हणाले, "जेवू दे तिला."