ओळख न देणाऱ्या दीदी

दीदी रस्त्यात ओळख देत नसत. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, भावाच्या दुकानातल्या नोकरांशी त्या थांबून बोलत. पण ज्या मुलांवर त्यांचे उपचार चालू होते किंवा होऊन गेले होते, ती समोर आली की त्यांची नजर जवळच्या दुकानाच्या पाटीवर जाई. मुलानं हाक मारली तर त्या उकिडव्या बसून त्याच्याशी बोलत. नाही मारली, तर तशाच पुढे जात. आईबापांनाही हाच नियम. जुन्या जालन्यात एका गल्लीतला नमस्कार संध्याकाळपर्यंत तिसऱ्या गल्लीत पोचतो, आणि लहान मुलांच्या मानसोपचार डॉक्टरांनी केलेला असेल तर त्याच्याही आधी. "माझी ओळख ठेवायची का न्हाई, ते लेकरू ठरवील," असं त्यांचं म्हणणं होतं.

दीदी जालन्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मारवाडी जैन घरातल्या. घरचं कापडाचं ठोक दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. वर जायचा जिना दुकानातूनच होता. त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी खाली विचारी आणि भाऊ गादीवरून सांगत, "दीदी वर आहेत." पाटीवर पूर्ण नाव आणि पदव्या होत्या, पण गावाला दीदीच माहीत होत्या.

आम्ही गेलो तेव्हा माझी मुलगी समता पहिलीत होती. तिचं पोट दुखायचं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, जंताचं औषध झालं. कशात काही निघालं नाही. सकाळी ती उठायची नाही. कारण नसताना चिडायची. पंगतीत मांडलेल्या बाहुल्या कित्येक आठवडे तशाच मांडलेल्या होत्या. एकदा वेणी घालताना म्हणाली, "मी घाण पोरगी आहे ना?" शाळेतल्या बाई मात्र खूश होत्या, कारण ती वर्गात हूं की चूं करत नव्हती. केदारखेड्याहून आलेल्या माझ्या सासूबाईही म्हणाल्या, पोरगी शहाणी झाली. शांत मुलीला आजारी म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

दीदींनी आजाराचं नाव सांगायला आडपडदा ठेवला नाही. हे डिप्रेशन आहे, म्हणाल्या. सासूबाईंनी विचारलं, एवढ्याशा लेकराला कशाचं आलंय डिप्रेशन, खायला-प्यायला तर सगळं आहे.

"दर वेळी कशाचं असावं लागत न्हाई, आजी. मोठा माणूस सांगतो, मला कसंतरी होऊन राह्यलं. लेकराला सांगता येत न्हाई. त्याचं पोट दुखतं, ते चिडचिड करतं, आन्‌ खेळ सोडतं. लेकरानं खेळ सोडला, की बघायला पाहिजे."

मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काम करते. कोण, काय, कुठे, कधी आणि का, ही पाच उत्तरं नसलेली बातमी मी वार्ताहराला परत पाठवते. इथे चार उत्तरं मिळाली होती. पाचवं मी दीदींना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्यांनी आम्हाला शाळेचं विचारलं, घरातलं विचारलं, तिला कुणी मारतं का, कुणी त्रास देतं का, तेही नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "कारण सापडलं तर चांगलंच. न्हाई सापडलं तरी इलाज थांबत न्हाई." औषधाचं त्यांनी नंतरवर ठेवलं, लागलं तर देऊ, तेव्हा घाबरायचं नाही, इतकंच सांगितलं. शाळेतल्या बाईंना बोलावून घेतलं. माझे यजमान बदनापूरच्या संशोधन केंद्रात नोकरीला. रोजचं जाणं-येणं रेल्वेनं. त्यांना काम मिळालं, आल्यावर तिच्याजवळ नुसतं बसायचं. पाढे विचारायचे नाहीत.

मला दिलेलं काम सगळ्यांत अवघड होतं. जिन्याच्या वरच्या टोकाला एक लोखंडी खुर्ची होती. समता आत असताना मी त्या खुर्चीवर बसायचं आणि घरी जाताना आत काय झालं ते तिला विचारायचं नाही.

दार अर्धं उघडं असे. दीदी जमिनीवर मांडी घालून बसत आणि मुलाला कधीही प्रश्न विचारत नसत. मधे दुकानातल्या नमुन्याच्या तुकड्यांची टोपली असे. पहिल्या काही वेळी आतून आवाजच आला नाही, याचं मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते. मग एकदा समताचा आवाज आला. तिनं बाहुलीवर एकावर एक तुकडे पांघरले होते. ती सांगत होती, "ही आजारी न्हाई. हिला फक्त उठायचं न्हाई."

दीदी म्हणाल्या, "बरं. मंग आपण हिच्याजवळ बसू."

रोज सकाळी मी तिला "ऊठ, बस चुकेल" म्हणत होते. घरात जे वाक्य तिला सापडलं नव्हतं, ते तिनं परक्या बाईला दिलं होतं. माझ्या हातात पर्स होती. तिचा बंद मी तुटेपर्यंत पिळत बसले. त्या दिवशी रिक्षात मी नियम मोडला. आत काय काय खेळलात, म्हणून विचारलं. समता बाहेर बघत म्हणाली, "दीदींना विचार."

पुढे घरात रोज दीदीच. दीदी अशी वेणी घालतात. दीदींना गवार आवडत नाही. दीदींच्या घरी रात्री कोण असतं? मी बाजारातून त्या खोलीत होती त्याहून चांगली खेळणी आणली. भातुकलीचा पितळी संच आणला. समतानं तो नीट मांडला, नीट उचलला आणि डब्यात ठेवून दिला. मग मी शिंप्याकडून चिंध्या आणल्या, मांडी घालून बसले आणि दीदींच्या सुरात म्हणाले, "बरं. मंग आपण बसू." समता म्हणाली, "तू दीदींसारखं नको करू. तू आई आहेस ना."

हे मी दीदींना सांगितलं ते तक्रार म्हणून. त्या हसल्या नाहीत. "जळतंय ना, ताई? जळू द्या. आईला काहीच वाटत न्हाई, तेव्हा मला भीती वाटते," म्हणाल्या. मग आवाज खाली आणून बोलल्या, "हे सगळं मी माझ्याकडं ठेवायला घेतलेलं न्हाई. पण जल्दी करू नका."

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. एक आठवडा ती जेवायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा पोट धरून बसायची. बातमी व्हावी असा दिवस कुठला नव्हता. एकदा शाळेतून तक्रार आली, समतानं बाकावरच्या मुलीशी भांडून तिची पेन्सिल फेकली. मी तोंड पाडून ते दीदींना सांगितलं, तर त्यांनी खालून भावाकडून चहा मागवला. "भांडली? बिलकुल चांगलं. आता तिला स्वतःचं काही पाहिजे."

त्यानंतरच्या वेळी मी सवयीनं खुर्चीकडे वळले, तर दीदी दारात उभ्या होत्या. "आज तुम्ही आत, मी बाहेर." मी चप्पल काढून आत गेले. समतानं टोपली पुढे ओढली, मला एक तुकडा दिला आणि तो कुणाचा बिछाना आहे ते सांगायला लागली. मी विचारलं काहीच नाही. बऱ्याच वेळानं दाराकडे पाहिलं. लोखंडी खुर्चीवर दीदींची पाठ दिसत होती. त्या ताठ बसल्या होत्या. मान जराही वळली नव्हती. पण आमचा शब्द न्‌ शब्द त्यांना ऐकू जात असणार. तिथून किती ऐकू येतं, हे मला ठाऊक होतं. समतानं एकदाही त्यांना हाक मारली नाही. पुढे आमचं जाणं कमी होत गेलं आणि मग थांबलं. निरोपाच्या वेळी दीदींनी मला एवढंच बजावलं, की खेळ पुन्हा सुटला तर वाट बघत बसू नका, सरळ जिना चढा.

समता आता पाचवीत आहे. गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमासाठी कापड घ्यायला आम्ही त्या गल्लीत गेलो होतो. ती बोलत होती. कोणत्या मुलीला पुढच्या रांगेत घेतलं, ते कसं चूक आहे, बाईंची लाडकी कोण आहे. समोरून दीदी आल्या. केस बरेच पिकले होते. समतानं त्यांच्याकडे पाहिलं. रस्त्यातल्या कुठल्याही बाईकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुन्हा पुढच्या रांगेवर आली.

दीदींची नजर पाटीवर गेली. ते भावाचंच दुकान होतं. ती पाटी त्यांनी जन्मभर वाचलेली असणार. त्या आमच्या अगदी जवळून गेल्या. या बाईकडून माझी मुलगी परत यावी, असं मी त्या खुर्चीवर बसून किती वेळा मनात म्हटलं होतं. आता मला वाटत होतं, समतानं एक हाक मारावी. मी मागे वळून पाहत राहिले. दीदी दुकानात शिरल्या आणि जिना चढून दिसेनाशा झाल्या.

माझा हात कुणीतरी ओढला.

"आई, मी कधीची सांगून राह्यले. तुझं लक्षच न्हाई."