आई, हळू रडा

खारघरच्या एका कॉलेजात मी फ्रेंच शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिथल्या फिल्म क्लबच्या मुलांनी मला भाषणाला उभं केलं. विषय असा : सिनेमात फ्रेंच माणूस भावना कशा दाखवतो आणि आपल्या पूर्वेकडचा माणूस कशा. मी म्हटलं, हे तर डाव्या हाताचं काम. फ्रेंच माणूस बोलतो, पूर्वेकडचा गप्प बसतो. वहीत मधोमध रेघ मारली, दोन रकाने केले, झालं भाषण तयार.

घोळ केला तो सासूबाईंनी. आम्ही सुकापूरला राहतो. सासूबाई मूळच्या उरणकडच्या गावातल्या, आगरी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे पडद्याखालची अक्षरं त्यांच्या कामाची नाहीत. पण रविवारी दुपारी मी तयारीसाठी सिनेमा लावला की त्या निवडायच्या सुकटीने भरलेलं सूप मांडीवर घेऊन सोफ्यावर बसणार म्हणजे बसणार. हात सुकट निवडतात, डोळे टीव्हीवर. भाषा कळत नाही याचं त्यांना काडीचंही दुःख नाही.

पहिल्या रविवारी फ्रेंच सिनेमा लावला. आईला पुरून आलेल्या दोघी बहिणी जेवायच्या टेबलावर बसतात. एक म्हणते, तुझं आईवर प्रेमच नव्हतं. दुसरी म्हणते, प्रेम होतं, पण मला तिची भीती वाटायची. असं पंधरा मिनिटं चालतं. मी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं.

"इतक्या बोलतान, पन रडत कोन नाय," त्या म्हणाल्या. "ह्या काय कोर्टान आल्यान?"

पुढच्या रविवारी जपानी. एका म्हाताऱ्याची बायको गेलेली असते. पाहुणे जातात. तो स्वयंपाकघरात जातो, बायकोच्या सुरीला धार लावतो, धुतो, पुसतो आणि पुन्हा खिळ्याला टांगतो. बस. तोंडातून एक शब्द नाही. मी रकान्यात लिहिलं, 'मौन'. सासूबाईंचा हात सुपातच थांबला होता.

"रडतंय बिचारा."

"अहो आई, रडतोय कुठे? सुरीला धार लावतोय."

"आता भाजी कापाला बायको हाय का त्याची?" एवढं बोलून त्या पुन्हा सुकट निवडायला लागल्या.

मग त्यांनी विचारलं, लिहिलंस काय? मी रकाने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मंग आमी कनचे रकान्यान? आमी बी इकरलेच ना?"

इकडच्या, पूर्वेकडच्याच, पण गप्प कुठल्या? त्यांच्या गावात मयत झालं की बायका गल्लीच्या तोंडापासून हेल काढत येतात. म्हणजे सुरात रडणं, पण शब्दांसकट. गेलेल्या माणसाला हाक मारून त्याचा सगळा जन्म बोलून दाखवायचा. सासूबाई त्यात नावाजलेल्या. त्यांना न्यायला लांबच्या गावांहून रिक्षा येत असे.

आणि त्यांचा हेल मीच बंद केला होता.

माझे बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. माहेर पनवेलमध्ये, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आमच्या घरात रडायचं ते बाथरूममध्ये, नळ सोडून. त्या दिवशीही सगळे खालच्या आवाजात बोलत होते. इतक्यात खालून, पहिल्या जिन्यावरून आवाज आला, "व्याहीदादा ओऽऽ!" पटापट दारं उघडली. मला लाज वाटली. हो, वाटली, खोटं कशाला बोलू? मी धावत खाली गेले, सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "आई, हळू रडा. इथे असं चालत नाही."

त्यांनी तिथल्या तिथे तोंड मिटलं. पदराचा बोळा तोंडाशी धरून वर आल्या, कोपऱ्यात बसल्या. नंतर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. मी त्या दिवशी रडले नाही आणि पुढेही नाही. चौदाव्या दिवशी कॉलेजात हजर. लोक म्हणाले, किती खंबीर! मला ते कौतुक वाटलं.

त्यानंतर एक मात्र झालं. माझी आई, माई म्हणायचो आम्ही तिला, सासूबाईंना दर आठवड्याला फोन करायला लागली. एक चातुर्मासात कांदा न खाणारी, दुसरीचं सुकटीशिवाय पान हलत नाही. काय बोलत असतील? मी धरून चालले, गुडघे आणि लोणची. मी खोलीत गेले की सासूबाई म्हणायच्या, "ठेव गो आता," आणि फोन बंद.

भाषणात मी ती रेघ खोडली. म्हटलं, फ्रेंच बहिणी दुःख समोरच्याला सांगतात, जपानी म्हातारा सुरीला, आणि माझ्या सासूबाईंच्या गावच्या बायका थेट मेलेल्या माणसाला. टाळ्या पडल्या. एका मुलीने विचारलं, "मॅम, आणि तुम्ही?" मी म्हटलं, वेळ संपली.

गेल्या थंडीत माई गेली. तोच फ्लॅट, तोच जिना. सासूबाई दुखरे गुडघे घेऊन तीन मजले चढत होत्या आणि मी आत बसून त्यांच्या आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही. त्या आल्या, माईच्या पाया पडल्या आणि तोंडाशी पदर धरून त्याच कोपऱ्यात बसल्या. बाबांच्या वेळचं माझं सांगणं त्या पाळत होत्या. घरात शववाहिनीची कुजबुज चालली होती. माझे डोळे कोरडे ठणठणीत.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आई, रडा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हलू?"

"नाही. तुमच्या गावात रडतात तसं. माझं चुकलं होतं तेव्हा."

त्यांनी पदर सोडला. एका हाताने माझा हात धरला, दुसरा माईच्या पायावर ठेवला आणि हेल काढला.

"विहीणबाय गोऽऽ, दर आठवड्याला फोन कराचीस, मना एकच इचाराचीस, माझी पोर रडली का? मी बोलाची, नाय गो बाय, अजून नाय रडली. आता मी कोनाला सांगू गोऽऽ? उठ, बग, आज रडतंय तुझी पोर!"

खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. मग समोरचं. उघडू देत.