विळी आडवी होईपर्यंत

परदेशातून आमच्या ऑफिसात महिनाभरासाठी एक डिझायनर आली, तेव्हा तिला ठाणे दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसात कामापुरतीच बोलते. पण मॅनेजर म्हणाला, "तुझं इंग्लिश चांगलं आहे, तूच फिरव तिला." इंग्लिश मीडियममध्ये शिकलेल्या मुलीला लाजायची सोय नसते.

ती वाईट नव्हती, हे आधीच सांगते. तिला सगळ्याचं नवल होतं. कोपरीत शेअर रिक्षात बसलो, तर शेजारच्या बाईने स्वतःची पिशवी सरळ तिच्या मांडीवर ठेवली आणि पदर सावरला. उतरल्यावर ती म्हणाली, "तिने मला विचारलं पण नाही." मी म्हटलं, "पिशवी ठेवताना हसली ना, तेच विचारणं." ती असं सगळं मोबाइलमध्ये टिपून घ्यायची. फोटो तर सतत. दाराबाहेर काढलेल्या चपलांचे, टेंभी नाक्यावर रस्ता अडवून गप्पा मारणाऱ्या माणसांचे. जाण्याआधी ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये ती हे फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवणार होती. शहराची पहिली छाप, प्रत्येक फोटोखाली एक ओळ. तिकडची माणसंही ऑनलाइन बघणार होती.

एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली. वर्तकनगरच्या जुन्या कॉलनीत आमचं घर, एका पॅसेजवर चार दारं. माझी आई रोज सकाळी दारात पाट टाकून विळीवर भाजी चिरते. आत ग्रॅनाइटचा ओटा आहे, बाबांनी हौसेने करून घेतलेला. त्यावर चॉपिंग बोर्डही आहे, तो मी आणलेला. दोन्ही स्वच्छ असतात, कारण वापरत कोणी नाही.

"आज तरी आत बस," बाबा म्हणाले. "बाहेरची माणसं येणार."

"बाहेरची माणसं दारातूनच येणार ना? मग मी आहेच इथे."

ती आली तेव्हा आई लाल माठ चिरत होती. आमच्याकडे उभी विळी कोणी ओलांडत नाही. आई पातं आडवं करणार, गुडघा बाजूला घेणार, मग माणूस आत. तिने पाहुणीसाठी तसंच केलं आणि हसून मान हलवली. पाहुणीने थांबून तिथेच फोटो काढला. खरंच सुंदर आलेला. आईचे हात माठाने लाल झालेले, मागे पॅसेजमधलं ऊन.

शेवटच्या आठवड्यात तिने मला स्लाइड्स तपासायला दिल्या. आईच्या फोटोखाली इंग्लिशमध्ये ओळ होती. तिचा अर्थ असा: घरात जागा नसलेली स्त्री उंबरठ्यावर काम करते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी बाजूला सरकते.

मी ती दोनदा वाचली. मला आठवला आमचा सोसायटीचा सेक्रेटरी. टाकी साफ करायचं तो महिनोन् महिने टाळत होता. गणपतीची वर्गणी मागायला आला, तेव्हा आईने विळी उभीच ठेवली. "या ना भाऊ, या," म्हणत राहिली आणि दुधी चिरत राहिली. "वहिनी, जरा विळी..." "हो हो. टाकीचं काय झालं?" शेजारची काकू दारातून म्हणाली, "भाऊ, बसा आता, दुधी मोठा आहे!" तो टाकीची तारीख सांगेपर्यंत बाहेर उभा होता. बाबासुद्धा बाजारातून आले की पिशव्या घेऊन थांबतात. त्या मजल्यावर कोण आलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाचा गॅस संपला, सगळं त्या पाटावर येतं आणि तिथूनच पुढे जातं. आणि ही म्हणे बाजूला सरकते.

"ही ओळ चूक आहे," मी तिला म्हटलं, आणि विळीचं सांगितलं.

तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "पण ही माझी पहिली छाप आहे. मला जे वाटलं ते चूक कसं असेल?"

"मग ते तुझ्यापुरतं ठेव. फोटो माझ्या आईचा आहे."

"तू वेगळी आहेस," ती अगदी मायेने म्हणाली. "तुला हे बाहेरून बघता येतं."

हे कौतुक मला नवं नव्हतं. शाळेपासून ऐकलंय, तू त्यांच्यासारखी वाटत नाहीस. दर वेळी मी थँक यू म्हटलेलं. या वेळी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. "एका ओळीसाठी कशाला ताणतेस? गेस्ट आहे ती. 'कदाचित' घालायला तयार आहे."

"कदाचित घरात जागा नाही, असं?"

"हां. म्हणजे सॉफ्ट होतं ना."

"सर, ओळ जाऊ दे, नाहीतर फोटो जाऊ दे. कदाचित पण नको."

ऑफिसात कामाबाहेरचं मी पहिल्यांदाच बोलत होते. गप्प माणसाचा होकार धरून चालायची लोकांना सवय असते, ती कोणीतरी मोडायची.

तिने ओळ बदलली नाही. फोटो काढून टाकला. मीटिंग रूममध्ये रिक्षा झाली, टेंभी नाका झाला आणि मग एकदम चपला आल्या. मधे काय होतं ते आम्हा तिघांनाच माहीत. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली नेली नाही. निघताना तिने सगळ्यांना मिठी मारली, मला हात दिला. चालेल.

घरी आल्यावर आईने दारातूनच विचारलं, "लागला का गं माझा फोटो?"

"नाही."

"का? वाईट आलेला?"

"चांगला आलेला. मीच काढून टाकायला लावला." आणि खाली काय लिहिलेलं ते मराठीत सांगितलं, काही न वगळता.

फोटो लागायला हवा होता, हे आईच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाली, "जागा नाही म्हणाली?"

"हो."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले, तर पाट उंबरठ्याच्या बाहेर, पार पॅसेजमध्ये मांडलेला. अर्धा रस्ता अडलेला, विळी उभी. बाजूला मेथीच्या दोन जुड्या. मी चपला घालून उभी राहिले.

"उशीर होतोय गं आई."

"होऊ दे," ती म्हणाली. "एवढी जुडी संपू दे."